अब्बांची बीट

डिसेंबर २०१९ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. त्यांच्याविषयी काही लिहावे असे तेव्हापासून अनेकदा मनात आले. पण लिहायला बसले की पेन अडायचे. मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिक्षिका आहे. माझे शिक्षण उर्दूत झाले, मुलांना शिकवते तेही उर्दूतच. मनातले काही लिहायचे म्हटले की हात आपोआप उजवीकडून डावीकडे चालू लागतो. अब्बांविषयी मी दोन वेळा उर्दूत लिहायला घेतले आणि दोन्ही वेळा कागद बाजूला ठेवला. कारण अब्बांना उर्दू वाचता येत नव्हते.

बोदवडकडच्या ज्या खेड्यात ते वाढले, तिथे मुसलमानांची दहा-बारा घरे होती. शाळा एकच, मराठी शाळा. अब्बा तिथे चौथीपर्यंत शिकले. गुरुजींनी दाखल्यावर जन्मतारीख लिहिली १ जून १९४८. त्या काळी निम्म्या गावाचा जन्म १ जूनलाच झालेला असायचा. घरी आम्ही सगळे आपली बोली बोलायचो, अब्बा कुराणशरीफची तिलावत करायचे. पण चिठ्ठी, हिशेब, वर्तमानपत्र हे सगळे मराठीत. आम्हा पाचही भावंडांना मात्र त्यांनी भुसावळच्या उर्दू शाळेत घातले. माझ्या प्रगतिपुस्तकावर सगळा मजकूर उर्दूत आणि पालकाच्या सहीच्या जागी अब्बांची ठसठशीत देवनागरी सही. सही करण्यापूर्वी ते पुस्तक हातात धरून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "इसमें लाल कहाँ है?" नापास विषयाखाली लाल रेघ असते एवढेच त्यांना माहीत होते. लाल नाही म्हटले की सही. रेल्वेच्या माणसाला आणखी काय विचारायचे असणार?

अब्बा रेल्वेत होते, असे आम्ही सांगायचो. भुसावळसारख्या गावात एवढ्याने काही कळत नाही. इथे निम्मे गाव रेल्वेत. कुणाचे वडील ड्रायव्हर, कुणाचे गार्ड, कुणाचे टी.सी., कुणाचे डी.आर.एम. ऑफिसात क्लार्क. माझे अब्बा लाइनवर होते. १९६९ साली गँगमन म्हणून लागले आणि पुढे १९८१ पासून निवृत्तीपर्यंत चावीवाले राहिले. तापीच्या पुलापलीकडे, दुसखेडा-सावदा बाजूला त्यांची गँग होती.

चावीवाला म्हणजे काय, हे आजकाल रेल्वेतल्या मुलांनाही सांगावे लागते. गँगला नेमून दिलेला लाइनचा तुकडा म्हणजे बीट. चावीवाल्याने रोज ती बीट पायी तपासायची. जाताना एक लाइन, येताना दुसरी. खांद्यावर हातोडा, हातात फिशप्लेटचे बोल्ट आवळायचा पाना, पिशवीत लाल-हिरवे झेंडे आणि फटाक्यांची डबी. पूर्वी बिडाच्या स्लीपरांत रूळ पकडून ठेवायला लोखंडी चाव्या ठोकलेल्या असायच्या. गाड्यांच्या हादऱ्याने त्या ढिल्या होत. ढिली चावी दिसली की ठोकायची, बोल्ट सैल दिसला की आवळायचा. पुढे सिमेंटचे स्लीपर आले, चावीच्या जागी क्लिप आली. तरी चावीवाला चावीवालाच राहिला. अब्बांची बीट सहा किलोमीटरची होती. जाऊन-येऊन बारा. बीट संपली की उरलेला दिवस गँगबरोबर खडीचे काम.

या चालण्याने अब्बांची चाल कायमची बदलून गेली होती. स्लीपरवरून चालणाऱ्या माणसाला मनासारखे पाऊल टाकता येत नाही. एकेक स्लीपर धरला तर पाऊल आखूड पडते, एक सोडून टाकले तर लांब. अब्बा एकेक धरून चालायचे. बाजारात, मशिदीत जाताना, लग्नाच्या वरातीतसुद्धा त्यांची पावले तेवढीच आखूड आणि मोजलेली पडत. नजर खाली. अम्मी वैतागून म्हणायची, "अजी, यहाँ पटरी नहीं है, ऊपर देख के चलो." लहानपणी त्यांचे बोट धरून चालताना मला फार सोपे जायचे, कारण त्यांचे पाऊल जवळजवळ माझ्याच पावलाएवढे होते.

उन्हाळ्यात भुसावळ कसे तापते ते सांगायला नको. १९८६ साली रमजान मे महिन्यात आला. तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता, अम्मीने सांगितलेली गोष्ट आहे. हवा पंचेचाळीस अंशांवर गेली की रूळ त्याहून कितीतरी जास्त तापतो. फुगलेला रूळ जागा मिळाली नाही की वाकतो, म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी गस्त असते. अब्बा सहरी करून पहाटेच्या पॅसेंजरने जायचे. मुकादम हिंदू होते, आम्ही त्यांना मुकादमकाका म्हणायचो. ते अब्बांना सावलीतले काम द्यायचा प्रयत्न करायचे, पण लाइनवर सावली असते कुठे? जोहरची नमाज अब्बा बाभळीखाली पढायचे आणि तेवढा वेळ मुकादमकाका गाडीकडे लक्ष ठेवून उभे राहायचे. बाराव्या की तेराव्या रोजाला अब्बा लाइनच्या कडेला बसले ते उठेनात. मुकादमकाकांनी त्यांच्या तोंडावर पाणी मारले आणि मग तांब्या तोंडाला लावला. घरी येऊन अब्बा अम्मीला म्हणाले, "आज का टूट गया." त्याची कजा त्यांनी थंडीत केली. पुढे आयुष्यभर कुणी रोजा सोडला, कुणी नाही याची चर्चा निघाली की अब्बा तिथून उठून जायचे. मजुराच्या रोजाबद्दल पंख्याखाली बसून बोलणारे लोक मलाही आवडत नाहीत.

थंडीत उलटा प्रकार. रात्री रूळ आकसतो, आणि कुठे बारीक चीर असेल तर तिथे तुटतो. म्हणून थंडीत रात्रीची गस्त. १९९४ च्या जानेवारीत अब्बांना असा तुटलेला रूळ सापडला. कंदिलाच्या उजेडात दोन बोटे जाईल एवढी फट होती. ही गोष्ट मात्र ते खुलवून सांगायचे. गाडी ज्या दिशेने येणार तिकडे धावत जायचे. सहाशे मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा. मग आणखी पुढे, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. "सहाशे मीटर तक दुआ याद थी," अब्बा म्हणायचे, "उसके बाद सिर्फ खंभे गिन रहा था." मालगाडी फटाक्यांवर थांबली. पाचशे रुपये बक्षीस आणि एक सर्टिफिकेट मिळाले. सर्टिफिकेट भिंतीवर लागले आणि पाचशे रुपयांत अम्मीने दोन रजया करून घेतल्या. त्यातली एक अजून आहे.

संपाबद्दल ते कमी बोलत. ८ मे ते २७ मे १९७४, देशभरातला रेल्वेचा संप. अब्बा संपात होते. आदल्या वर्षीच लग्न झालेले. पोलीस पकडतील म्हणून वीस दिवस मामांच्या शेतात राहिले. मी शाळेत बादशहांच्या सनावळ्या शिकवते, म्हणून एकदा मुद्दाम विचारले, तेव्हा काय काय झाले? अब्बांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पटरी पर से चमक चली गई थी." गाड्या कमी झाल्या की रुळाचा माथा तांबूस पडतो. तेवढेच त्यांनी सांगितले. अम्मीने मात्र त्या वीस दिवसांत कुणी उधार दिले आणि कुणी दार लावून घेतले, ती सगळी यादी मला नावानिशी ऐकवलेली आहे.

पासावर आम्ही एकदा अजमेरला गेलो. मी आठ वर्षांची असेन. खंडव्याला उतरून छोट्या लाइनची गाडी धरायची होती. खंडव्यापर्यंत मोठ्या लाइनवर अब्बा खिडकीशी बसून होते, डोळा लागू दिला नाही. सांधे जोडून लांब केलेला रूळ होता, खटखट फारशी येत नव्हती. छोट्या लाइनवर गाडी चढली आणि जुने सांधे खटक-खटक बोलू लागले, तसे अब्बा आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरू लागले. अम्मी म्हणाली, पोराला लोरी मिळाली. दर्ग्यात त्यांनी काय मागितले माहीत नाही. रतलामला मात्र खाली उतरून तिथल्या गँगवाल्यांशी अर्धा तास बोलत उभे होते, गाडी सुटता सुटता चढले आणि अम्मीने त्यांना सगळ्या डब्यासमोर झाडले.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतले ते सांगते. २००० साल. मी तेरा वर्षांची, आठवीत. रावेरला उर्दू तकरीरीची स्पर्धा होती आणि आम्ही चार मुली एका बाईंबरोबर पॅसेंजरने निघालो होतो. मैत्रिणींपैकी एकीचे वडील ड्रायव्हर, एकीचे स्टेशनात. माझे वडील 'रेल्वे कर्मचारी'. फॉर्मवर मी नेहमी तेवढेच लिहायची. पूल ओलांडून थोडे पुढे गेल्यावर सिग्नल न मिळाल्याने गाडी थांबली. मी खिडकीशी. खाली, हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर अब्बा उभे होते. घामाने काळा पडलेला निळा सदरा, डोक्याला गमछा, खांद्यावर हातोडा. गाडी आली की बाजूला होऊन तिच्याकडे तोंड करून उभे राहायचे, असा त्यांचा नियम. त्यांनी मला पाहिले. त्यांचा चेहरा उजळला. ओठ हलले. माझ्या मागून मैत्रीण म्हणाली, "कौन है?"

मी मान आत घेतली. म्हणाले, "कोई नहीं, गँगवाला है."

हे त्यांना ऐकू गेले की नाही, मला माहीत नाही. गाडी उभी होती, सगळीकडे शांत होते. मी समोरच्या बाकाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला, ठण्, ठण्. अब्बा शेजारच्या लाइनवर वाकून ठोकत होते. मी चावीवाल्याची मुलगी. ढिल्या क्लिपचा आवाज आणि घट्ट क्लिपचा आवाज मला कळतो. ती क्लिप घट्ट होती.

स्पर्धेत मला दुसरे बक्षीस मिळाले. विषय होता 'माँ-बाप का मुकाम'. मी तकरीर अर्थातच तोंडपाठ केलेली होती. रात्री अब्बांनी कप हातात घेऊन फिरवून पाहिला, त्यावरची उर्दू अक्षरे मला वाचून दाखवायला लावली आणि दुकानातून पावशेर जिलेबी आणली. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढायला हवा होता. एकोणीस वर्षे मला वेळ होता.

२००४ मध्ये रेल्वेने एक योजना आणली. लाइनवरच्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने मुदतीआधी निवृत्ती घेतली, तर त्याच्या मुलाला जागा मिळायची. अब्बा वयात बसत होते, नोकरीची वर्षेही पुरेशी झालेली होती. भाईजान चोवीस वर्षांचे, बारावी करून रिक्षा चालवत होते, तीही भाड्याची. गँगमधल्या दोघांनी अर्ज भरले. भाईजाननी फॉर्म आणून अब्बांच्या पुढ्यात ठेवला. अब्बांनी फॉर्म पूर्ण वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"नहीं."

अम्मी रडली, मामा समजवायला आले, मुकादमकाकासुद्धा घरी येऊन गेले. अब्बा एकच म्हणायचे, "मैंने पैंतीस साल चल के देखा है. वो रास्ता मैं अपने बच्चे को नहीं दूँगा." भाईजान म्हणायचे, रास्ता नको, पगार द्या. चार महिने बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच ताटलीत जेवणारी माणसे, एक उठल्यावर दुसरा बसायचा. भाईजान शेवटी मनमाडला एका गॅरेजात कामाला गेले आणि तिकडेच राहिले. ती योजना पुढे २०१७ नंतर बंदही झाली, म्हणजे तो दरवाजा आता कायमचाच मिटला.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मी आहे. त्याच वर्षी मी बारावीत होते. अब्बांनी मुदतीआधी नोकरी सोडली असती, तर पगार गेला असता आणि पेन्शनमध्ये माझे कॉलेज बसले नसते. बी.ए. झाले, मग २००९ मध्ये जळगावातून बी.एड. केले. फी अब्बांच्या फंडातून आली. आमच्या नात्यात तोपर्यंत कुणी मुलगी कॉलेजात गेलेली नव्हती. माझ्या निकालाच्या दिवशी भाईजान फोनवर म्हणाले, "मुबारक हो. मेरी नौकरी तुझे लगी." हसत म्हणाले. आम्ही दोघेही हसलो. पण मी पहिला पगार घेतला तेव्हा, आणि नंतरही कितीदा, ते वाक्य मला आठवले आहे. अब्बांनी 'नाही' म्हटले ते भाईजानच्या जिवासाठी की माझ्या फीसाठी? त्यांना विचारले असते तर कदाचित सांगितलेही असते. आमच्या घरात महत्त्वाचे प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

३१ मे २००८ ला अब्बा निवृत्त झाले. १ जूनचा जन्म, म्हणून आदल्या दिवशी. हार घातले, पेढे वाटले. हातोडा, पाना, झेंडे, डबी स्टोअरात जमा करून पावती घेतली. लाइनवरच्या लोकांच्या घरी रुळाचा एखादा तुकडा हमखास सापडतो, मसाला कुटायला, खिळे सरळ करायला. आमच्याकडे नव्हता. अम्मीने आयुष्यभर मागितला, अब्बांनी आणला नाही. "सरकार का लोहा है, घर में बरकत नहीं रहेगी." सहाव्या वेतन आयोगाचा फरक आला त्यातून घरावर स्लॅब पडला. बाकीची अकरा वर्षे अब्बांनी फजरनंतर चालण्यात, नातवंडांना शाळेत पोचवण्यात आणि मराठी पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचण्यात घालवली. माझ्या मुलाला ते मराठी बाराखडी शिकवायचे आणि तो त्यांना उर्दूचे अलिफ-बे. अब्बा 'जीम'पर्यंत पोचले होते. मग डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि ते राहिलेच.

जनाजाला भाईजान रात्रीतून आले. गँगचे जुने लोक आले, मुकादमकाका काठी टेकत आले. त्यांनी खांदा दिला. स्त्रिया कब्रस्तानात जात नाहीत, मी दारातून पाहत होते. लोक घाईने चालले होते, मुकादमकाका मात्र आखूड पावलांनी, खाली बघत चालत होते, आणि पहिल्या वळणावर मागे पडले.

१३ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी शाळेत असताना भाईजानचा फोन आला. ते कधी शाळेच्या वेळात फोन करत नाहीत. त्या दिवशी पहाटे लासलगाव आणि उगावच्या दरम्यान, लाइनवर काम करणाऱ्या चार ट्रॅकमनना टॉवर वॅगनने, म्हणजे विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या गाडीने, धडक दिली होती. चौघेही गेले. मनमाडपासून ती जागा लांब नाही. भाईजानच्या गॅरेजात सकाळपासून तीच चर्चा होती.

मी काही बोलले नाही. भाईजानही बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उन चारों के घर का पगार आज बंद हुआ. मेरे घर तो कभी चालू ही नहीं हुआ." मला वाटले, पुन्हा तेच. पण त्यांनी फोन ठेवला नाही. मागे कुणीतरी लोखंडावर ठोकत होते. मग त्यांनी विचारले, "अब्बा की बीट कितने किलोमीटर थी?"

"सहा."

"आना-जाना?"

"आना-जाना बारा."

"हूँ," म्हणाले, आणि फोन ठेवला.

गेल्या वर्षी घराला रंग देताना माळ्यावरून अब्बांची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत पगाराच्या स्लिपा, फंडाचे कागद आणि शंभर पानी वह्या, रबर लावून बांधलेल्या. हजेरी मुकादमाकडे असायची. ह्या वह्या त्यांच्या स्वतःच्या. रोजची एक ओळ, चौथी पास माणसाच्या वळणदार मराठीत. तारीख, कुठे काय ठोकले, कुठे काय आवळले, आणि शेवटी दोन शब्द, लाइन ठीक. तुटलेला रूळ सापडला त्या दिवशीही तसेच. फक्त 'लाइन ठीक'च्या जागी खांबाचा नंबर आणि 'गाडी थांबली'. संपाचे दिवस वह्यांच्या आधीचे. माझ्या जन्माच्या दिवशी लिहिले आहे, 'रजा'.

२००० सालची वही मी बाजूला काढली. रावेरच्या स्पर्धेची तारीख मला आठवत नव्हती. हिवाळा होता एवढे नक्की, म्हणून नोव्हेंबर, डिसेंबर आणि मागचा जानेवारी, फेब्रुवारी असे एकेक पान पाहिले. अम्मी विचारत होती, काय शोधतेस? मी म्हणाले, काही नाही. दोन दिवस पाहिले. गाडी थांबली असे कुठे नव्हते, मुलगी दिसली असेही नव्हते. प्रत्येक पानावर तेच. क्लिपा ठोकल्या. लाइन ठीक. लाइन ठीक.